मतदानाच्या आदल्या दिवशी फुटणारे कागद

१९ नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या मतदानाला एक रात्र उरली होती. प्रचार आदल्या संध्याकाळीच थांबला होता. सभा बंद, भोंगे बंद, प्रचाराच्या जीपगाड्या दारात उभ्या. अशा वेळी गावात उमेदवार दिसत नाही, कुजबुज तेवढी चालते. त्या एका दिवसात आपल्या राज्यात दोन गोष्टी फुटल्या आणि रात्री जेवणं उरकायच्या आत घराघरातल्या मोबाइलवर येऊन पडल्या.

पहिली विरारची. तिथल्या एका हॉटेलात भाजपचे राष्ट्रीय सरचिटणीस विनोद तावडे यांना बहुजन विकास आघाडीच्या कार्यकर्त्यांनी घेरले. वाटण्यासाठी पाच कोटी रुपये आणले, असा आरोप झाला. निवडणूक यंत्रणेने हॉटेलातून नऊ लाख नव्वद हजारांच्या वर रोकड जप्त केली, गुन्हे नोंदवले गेले. तावडे यांनी आरोप फेटाळला. मतदानाच्या दिवशी काय काळजी घ्यायची हे कार्यकर्त्यांना सांगायला आपण गेलो होतो, असे त्यांचे म्हणणे. आघाडीचे नेते हितेंद्र ठाकूर यांनी मात्र जाहीरपणे सांगितले की, ही खबर आपल्याला भाजपमधल्याच लोकांनी दिली. म्हणजे घरातलेच कोणीतरी फुटले होते.

दुसरी त्याच दिवशी अंधार पडल्यावर. पुण्यात २०१८ साली दाखल झालेल्या बिटकॉइनच्या, म्हणजे आभासी चलनाच्या, फसवणूक प्रकरणाचा धागा धरून एका माजी पोलीस अधिकाऱ्याने आरोप केला की, त्यातला पैसा सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांनी निवडणुकीत वापरला. लगोलग भाजपने पत्रकार परिषद घेतली आणि आवाजाच्या क्लिपा समाजमाध्यमांवर टाकल्या. हा आवाज माझा नाही, असे सांगून सुळे यांनी निवडणूक आयोगाकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. पटोले यांनीही आरोप नाकारला. त्या क्लिपा तपासणाऱ्या तथ्यशोधकांना पुढे त्यांत यंत्राने तयार केलेल्या आवाजाची चिन्हे दिसली. पण ते पुढे. २० तारखेला सकाळी सात वाजता रांगेत उभा राहिलेल्या माणसाच्या हातात क्लिप होती, तपासणी नव्हती.

या दोन्ही गोष्टींत कोण खरे आणि कोण खोटे, याचा निवाडा करायला हा लेख नाही. गुन्हा नोंदवला म्हणजे सिद्ध झाला असे होत नाही आणि तक्रार केली म्हणजे माणूस निर्दोष ठरला असेही नाही. ते काम पोलिसांचे आणि कोर्टाचे. आपल्याला विचार करायचा आहे तो वेळेचा. निवडणुकीत एखादी आतली गोष्ट बाहेर काढणे केव्हा रास्त आणि केव्हा दगाबाजी?

या दोन गोष्टी एका दिवशी फुटल्या म्हणून त्यांना एकाच दावणीला बांधता येत नाही. विरारची घटना, तिच्यात तथ्य असो वा नसो, त्या दिवशीची होती. मतदानाच्या आदल्या दिवशी पैसे वाटले जात आहेत असे एखाद्याला वाटले, तर त्याने ते त्याच दिवशी ओरडून सांगायचे, की निकालाची वाट बघायची? चोर घरात असताना बोंब मारायची असते. बिटकॉइनचे प्रकरण २०१८ पासूनचे. सहा वर्षांत लोकसभेच्या दोन निवडणुका आणि विधानसभेची एक होऊन गेली. एवढ्या काळात तो आरोप कुठल्या तरी दिवशी, उत्तराला जागा ठेवून, करता आला असता. तो मतदानाच्या आदल्या रात्री आला. ताजी गोष्ट त्या वेळी सांगणे वेगळे आणि शिळी गोष्ट त्या रात्रीसाठी राखून ठेवणे वेगळे.

सोसायटीचे उदाहरण

दिल्ली-मुंबईचे राजकारण बाजूला ठेवून गावातले घेऊ. समजा, गावच्या विकास सोसायटीची निवडणूक लागली आहे. मागच्या वर्षीच्या लेखापरीक्षणात पीककर्जाच्या वाटपावर आक्षेप निघालेला आहे. काही नावांवर कर्ज दाखवले, त्या माणसांना पत्ताच नाही, अशा धर्तीचा. हा अहवाल वार्षिक सभेत, म्हणजे सप्टेंबरअखेर, सभासदांपुढे यायला हवा. दोष-दुरुस्ती अहवाल सोबत हवा. पण चेअरमनने सभा दहा मिनिटांत गुंडाळली, 'मंजूर, मंजूर' झाले, चहा झाला, माणसे घरी गेली. सचिवाच्या कपाटात अहवाल तसाच.

आता विरोधी पॅनेलच्या पुढाऱ्याला दिवाळीतच कुणीतरी त्या अहवालाची झेरॉक्स आणून दिली. त्याने काय करायला हवे होते? सहायक निबंधकाकडे अर्ज, कलम ८३ च्या चौकशीची मागणी, निदान चार सभासद घेऊन सचिवाला जाब. त्यातले काही केले नाही. झेरॉक्स गादीखाली ठेवली. मतदानाच्या आदल्या रात्री दोनशे प्रती काढल्या आणि घरोघरी दारातून आत सरकवल्या. सकाळी चेअरमन प्रत्येकाला सांगत फिरतोय की, तो आक्षेप कधीच दुरुस्त झाला, पण ऐकायला वेळ कुणाला?

यात दोषी कोण? चावडीवर विचारले तर अर्धे म्हणतील चेअरमन, अर्धे म्हणतील पुढारी. माझे मत असे की, दोघांनी एकच काम केले. एकाने कागद सभासदांपासून सहा महिने लपवला, दुसऱ्याने तोच कागद सभासदांपासून चार महिने लपवला. फरक एवढाच की, एकाला तो निवडणुकीनंतर बाहेर यायला हवा होता आणि दुसऱ्याला आदल्या रात्री. कर्ज कोणाच्या नावावर पडले याची दोघांनाही पडलेली नव्हती. ज्याच्या नावावर बोगस कर्ज होते तो बिचारा सातबाऱ्यावर बोजा घेऊन बसला होता. त्याला ही गोष्ट दिवाळीतच कळायला हवी होती.

कागद फोडणाऱ्याच्या नावाने आपण शंख करतो, ते बऱ्याच वेळा योग्यही असते. पण कागद दाबून ठेवणाऱ्यानेही वेळच साधलेली असते, हे आपल्या ध्यानात येत नाही. कारण त्याचा आवाज होत नाही.

बेकारीचा अहवाल

याचे देशपातळीवरचे मोठे उदाहरण २०१९ चे आहे आणि ते खेड्याशी थेट निगडित आहे.

नमुना पाहणीवाले गावात येतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. हातात यंत्र किंवा लांबलचक तक्ता घेऊन ते घरोघर विचारतात की, घरात किती माणसे, कोण काय काम करते, मागच्या आठवड्यात किती दिवस काम मिळाले. बायाबापड्या कामधंदा सोडून उत्तरे देतात. जुलै २०१७ ते जून २०१८ या वर्षात अशी रोजगाराची पाहणी देशभर झाली. तिचा अहवाल राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने ५ डिसेंबर २०१८ ला मंजूर केला. मंजूर झाला की तो लवकरच प्रसिद्ध करायचा, हा रिवाज. डिसेंबर गेला, जानेवारी सरत आला, अहवाल काही बाहेर येईना. २८ जानेवारी २०१९ ला आयोगाचे कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. आणि ३१ जानेवारीला 'बिझनेस स्टँडर्ड' या इंग्रजी दैनिकाने त्या अहवालातले आकडे छापले.

देशातली बेकारी ६.१ टक्के, पंचेचाळीस वर्षांतली सर्वांत जास्त. शहरात ७.८, खेड्यात ५.३. आणि आपल्या घरातला आकडा असा : खेड्यातल्या १५ ते २९ वयाच्या तरुण पोरांत बेकारी १७.४ टक्के. २०११-१२ साली हाच आकडा पाच टक्के होता. शिकून गावी परत आलेला पोरगा बांधावर बसून मोबाइल बघतोय, हे चित्र प्रत्येक गावाने पाहिले होते. त्याचा सरकारी आकडा सरकारच्याच कपाटात होता.

नीती आयोगाने त्याच दिवशी सांगितले की, हा नुसता मसुदा आहे, अंतिम नव्हे. १० मार्चला लोकसभेची निवडणूक जाहीर झाली. ११ एप्रिल ते १९ मे असे सात टप्प्यांत मतदान झाले, २३ मे रोजी निकाल लागला, ३० मे रोजी शपथविधी झाला. आणि ३१ मे रोजी अहवाल रीतसर प्रसिद्ध झाला. आकडा तोच, ६.१. वरातीमागून घोडे म्हणतात ते हे.

अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितले की, पाहणीची पद्धत बदलली आहे, म्हणून जुन्या आकड्यांशी तुलना करू नका. हा मुद्दा फेकून देण्यासारखा नाही. पद्धत खरोखरच बदललेली होती आणि 'पंचेचाळीस वर्षांत सर्वांत जास्त' या वाक्यावर तज्ज्ञांत वाद होऊ शकतो. पण तो वाद घालायला अहवाल लोकांच्या हातात पाहिजे ना! कपाटातल्या कागदावर कसला वाद?

आता त्या फोडलेल्या कागदाला आपली फूटपट्टी लावू. कागद बनावट नव्हता, चार महिन्यांनी सरकारनेच तो आहे तसा छापला. कागद खाजगी नव्हता. कोणाच्या बायकोचा, आजाराचा, बँकेच्या पासबुकाचा नव्हता. लोकांच्या पैशाने, लोकांच्या उत्तरांवर झालेला होता. तो बाहेर यायची नेमलेली वेळ टळून गेली होती. आणि तो बाहेर आला तेव्हा पहिल्या मतदानाला सत्तर दिवस होते. सत्तर दिवसांत सरकारला उत्तर देता आले, त्यांनी ते दिले. विरोधकांनी सभांमधून आकडा वाजवला. लोकांनी दोन्ही ऐकले आणि सत्ताधारी पक्षाला ३०३ जागा देऊन परत निवडून दिले. कागद फुटला की निवडणूक चोरली जाते, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. लोकांना उत्तर ऐकायला वेळ मिळाला तर ते आपले आपण ठरवतात. कसे ठरवतात हा त्यांचा प्रश्न.

त्याच वर्षी आणखी एक अहवाल अडला. घरखर्चाच्या पाहणीचा, २०१७-१८ चा. १५ नोव्हेंबर २०१९ ला त्याच दैनिकाने त्यातले आकडे छापले. महागाई वजा जाता खेड्यातल्या माणसाचा महिन्याचा खर्च २०११-१२ च्या मानाने ८.८ टक्क्यांनी खाली आला होता. म्हणजे गावाने खाण्या-लेण्यात हात आखडला होता. सरकारने आकड्यांचा दर्जा बरा नाही असे सांगून तो अहवालच प्रसिद्ध न करण्याचे ठरवले. पुढची पाहणी ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ मध्ये झाली. तिचा गोषवारा बाहेर आला २४ फेब्रुवारी २०२४ ला : खेड्यातला माणशी मासिक खर्च ३,७७३ रुपये, चांगला वाढलेला. लोकसभेची निवडणूक जाहीर झाली १६ मार्चला. सविस्तर अहवाल मागाहून, निवडणूक उरकल्यावर जूनमध्ये. आकडे खोटे होते असे मी म्हणत नाही. पण वाईट आकडा निवडणुकीनंतर आणि चांगला आकडा निवडणुकीआधी, हा योगायोग मानायला मन धजत नाही.

कांदा उत्पादकांना तारखांचा हा अर्थ शिकवावा लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये घातलेली निर्यातबंदी ४ मे २०२४ ला उठली, तेव्हा लासलगाव-पिंपळगावच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याने आधी कॅलेंडर पाहिले. नाशिक आणि दिंडोरीचे मतदान २० मे रोजी होते.

कोर्टाने घातलेली तारीख

दाबून ठेवण्याचा हा खेळ एकदा मोडला गेला, तोही सांगायला हवा. निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले आणि कोणी किती रोखे घेतले ते ६ मार्चपर्यंत निवडणूक आयोगाला द्या, असे स्टेट बँकेला सांगितले. बँकेने ४ मार्चला अर्ज केला की ३० जूनपर्यंत मुदत द्या. कारण काय, तर २२,२१७ रोख्यांची जुळवाजुळव करायची आहे. देशातली सर्वांत मोठी बँक! आमच्या जिल्हा बँकेचा शाखाधिकारीसुद्धा मार्चअखेरीला एवढी कागदपत्रे रात्रभर बसून जुळवतो. ३० जून म्हणजे निकालानंतर पंचवीस-सव्वीस दिवस. न्यायालयाने ११ मार्चला अर्ज फेटाळला आणि दुसऱ्या दिवशी कामकाज संपायच्या आत माहिती द्या म्हणाले. १४ मार्चला यादी लोकांपुढे आली. कोणता रोखा कोणत्या पक्षाने वटवला हे जुळवायचे क्रमांकही २१ मार्चला आले. पहिले मतदान १९ एप्रिलला. जवळपास महिनाभर सगळ्या पक्षांना, होय, सगळ्याच पक्षांना, त्या यादीवर उत्तरे द्यावी लागली.

इथे कुणाला काही फोडावे लागले नाही. ज्याच्याकडे कागद होता त्याला तारीख घालून दिली, एवढेच. जिथे कागद वेळेवर निघतात तिथे फोडाफोडीचा धंदा चालत नाही.

फुटलेल्या कागदाबद्दल कायदा काय म्हणतो, असाही प्रश्न येतो. राफेल विमान खरेदीतले काही कागद फेब्रुवारी-मार्च २०१९ मध्ये 'द हिंदू'ने छापले. हे कागद चोरलेले आहेत, कोर्टाने बघूच नयेत, अशी हरकत सरकारने घेतली. १० एप्रिल २०१९ ला न्यायालयाने ती फेटाळली. कागद कसा आला एवढ्यावरून तो बाद होत नाही, असा त्याचा अर्थ. पण पुढे १४ नोव्हेंबरला न्यायालयाने फेरविचाराचे अर्जही फेटाळले. म्हणजे कागद बघितला आणि मागणी मान्य केली नाही. फुटलेला कागद विटाळलेला नसतो, तसा तो ब्रह्मवाक्यही नसतो.

खोट्या कागदाला वेळ सोसत नाही

जुन्या वाचकांना सेंट किट्स प्रकरण आठवत असेल. १९८९ चे साल, बोफोर्सचा धुरळा उडालेला, व्ही. पी. सिंग राजीव गांधींच्या विरोधात देशभर सभा घेत होते. ऑगस्टमध्ये कुवेतच्या 'अरब टाइम्स' या पत्रात बातमी आली की, सिंग यांच्या मुलाचे वेस्ट इंडिज भागातल्या सेंट किट्स बेटावर दोन कोटी दहा लाख डॉलरचे खाते असून त्याचा लाभ बापाला आहे. कागदही दाखवले गेले. सिंग यांनी आरोप साफ नाकारला. मतदान नोव्हेंबरात होते, मध्ये तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत कागदांवरच्या सह्यांवर, तारखांवर चर्चा झाली, आरोप शिळा होत गेला, आणि डिसेंबरात सिंग पंतप्रधान झाले. पुढे १९९० मध्ये सीबीआयने कागद बनावट असल्याचा गुन्हा नोंदवला. त्यात पुढे पी. व्ही. नरसिंह राव यांचेही नाव आरोपी म्हणून आले. न्यायालयाने त्यांना नंतर मोकळे केले.

हाच कागद मतदानाच्या आदल्या रात्री आला असता तर? कुवेतहून तार यायची, सिंग सभेत कुठेतरी बिहारात, उत्तर येईपर्यंत पेट्या सील झालेल्या. बनावट कागदवाल्याने एक चूक केली, ती म्हणजे घाई. आजचे लोक ती चूक करत नाहीत. आज तार लागत नाही आणि सह्यांची नक्कलही लागत नाही. माणसाचा आवाज मिनिटांत तयार होतो.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपायच्या आधीचे ४८ तास सभा-मिरवणुकांना आणि टीव्हीसारख्या साधनांवरून प्रचाराला मनाई आहे. हेतू चांगला : मतदाराला शांतपणे विचार करू द्यावा. पण भोंगा बंद आणि मोबाइल चालू, अशी गत झाल्यावर या शांततेचा उलटाच फायदा होतो. आरोप करणारा रात्री अकराला क्लिप सोडतो. ज्याच्यावर आरोप झाला त्याला सभा घेता येत नाही, फेरी काढता येत नाही, भोंगा लावून 'हे खोटं आहे' म्हणता येत नाही. नियम पाळणारा गप्प आणि मोडणारा बोलका. २०१९ मध्ये समाजमाध्यमांच्या कंपन्यांनी आयोगाशी ठरवले की, या ४८ तासांतला मजकूर आयोगाने कळवल्यावर तीन तासांत काढू. मे २०२४ मध्ये आयोगाने पक्षांनाही सांगितले की, बनावट मजकूर ध्यानात आणून दिल्यावर तीन तासांत काढा. तीन तासांत व्हॉट्सअ‍ॅपवर एखादी गोष्ट किती गावे फिरते, हे पावसाच्या अफवेवरून सगळ्यांना ठाऊक आहे. आणि उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटे पसरवणे हा कलम १२३ खाली भ्रष्ट आचार आहे खरा, निवडणूक रद्दही होऊ शकते. पण त्यासाठी निकालानंतर ४५ दिवसांत हायकोर्टात अर्ज करायचा, मग साक्षी-पुरावे. बैल गेला आणि झोपा केला.

फ्रान्समध्ये २०१७ साली हुबेहूब असाच प्रसंग आला. अध्यक्षपदाच्या शेवटच्या फेरीचे मतदान रविवारी, ७ मे रोजी होते. प्रचार शुक्रवारी मध्यरात्री संपायचा. त्या रात्री, मध्यरात्रीच्या थोडेच आधी, उमेदवार मॅक्रॉं यांच्या प्रचार कचेरीतली चोरलेली पत्रे ढिगाने इंटरनेटवर ओतली गेली. खऱ्यात खोटे मिसळले आहे, एवढे सांगण्यापुरता त्यांच्या लोकांना वेळ मिळाला, मग तोंड बंद. तिथल्या निवडणूक प्रचारावर देखरेख करणाऱ्या मंडळाने वृत्तपत्रांना विनंती केली की, यातले छापू नका. 'ल मोंद' या मोठ्या दैनिकाने वाचकांना सांगितले की, एवढे कागद मतदानाआधी तपासून होणार नाहीत आणि ते निवडणुकीला धक्का देण्यासाठीच सोडलेले आहेत. मतदानानंतर तपासू, त्यात काही निघाले तर छापू. मॅक्रॉं सुमारे ६६ टक्के मते घेऊन निवडून आले.

त्या दैनिकाने कागद दडपला नाही, त्याला तारीख दिली. आपल्याकडे १९ नोव्हेंबरच्या रात्री वाहिन्यांनी क्लिप आधी वाजवली आणि 'याची पुष्टी आम्ही करत नाही' असे खाली बारीक अक्षरात लिहिले. बियाण्याच्या पिशवीवर कोपऱ्यात 'उगवणीची हमी नाही' छापावे, तसे.

कपाटाची किल्ली

या पानाचे बरेच वाचक ग्रामसेवक, तलाठी, सोसायटीचे सचिव, पंचायत समितीतले लोक आहेत. पदांची नावे मध्यंतरी बदलली, कपाटे तीच आहेत. निवडणूक लागली की त्यांच्यामागे दोन्हीकडून ससेमिरा लागतो. एक म्हणतो, 'भाऊसाहेब, तेवढा अहवाल निवडणूक होईपर्यंत राहू द्या.' दुसरा म्हणतो, 'भाऊसाहेब, तेवढी एक झेरॉक्स द्या, तुमचं नाव कुठं येणार नाही.' दोघेही ओळखीचे, दोघांपैकी एक उद्या सरपंच. मध्ये सापडलेल्या माणसाची अडचण शहरात बसून लिहिणाऱ्यांना कळत नाही.

माहिती अधिकाराचा कायदा इथे त्याच्या बाजूने आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. २००५ च्या या कायद्याचे कलम ४ म्हणते की, कुणी मागण्याची वाट न पाहता माहिती आपण होऊन लोकांपुढे मांडा. मागितली तर तीस दिवसांत द्या. लेखापरीक्षणाचा अहवाल आला, तो ग्रामसभेत वाचला, इतिवृत्तात नोंद केली, फलकावर आक्षेपांचा गोषवारा लावला, की मग निवडणूक उद्या असो वा वर्षाने, त्या कागदात फोडण्यासारखे काही उरत नाही. आचारसंहिता लागल्यावर नवे काम, नवी घोषणा करता येत नाही. पण जुना अहवाल दाबून ठेवायला आचारसंहिता सांगते, हा समज कुणी पसरवला कोण जाणे. आमच्याकडे तालुक्याच्या कचेऱ्यांत ते कारण सर्रास ऐकायला मिळते.

आणि वर्तमानपत्रे? आम्हीही यात धुतल्या तांदळासारखे नाही. निवडणुकीच्या शेवटच्या दोन दिवसांत पाकिटे येतात. पाठवणाऱ्याचे नाव नसते, आत झेरॉक्स असते, कोपऱ्यातली तारीख बहुधा पाच-सहा महिन्यांपूर्वीची. फोन येतो : 'उद्याच्याच अंकात पाहिजे, परवा काही उपयोग नाही.' या वाक्यातच पाठवणाऱ्याचा हेतू कळतो. कागदात दम असेल तर त्याचा उपयोग परवाही असतो. घोटाळा काही मतदानाबरोबर संपत नाही.

पण नुसते न छापणे हेही सोपे उत्तर नाही. एखादा कागद खरा असला आणि आम्ही 'वेळ चुकीची' म्हणून ठेवून घेतला, तर चेअरमनच्या कपाटाला आमचे एक कपाट जोडले गेले. म्हणून निदान एवढे करता येते : ज्याच्यावर आरोप आहे त्याला त्याच संध्याकाळी गाठायचे, मूळ कागद ज्या कचेरीतला तिथे जाऊन पाहायचा, आणि छापायचे ठरले तर बातमीतच लिहायचे की हा कागद अमुक महिन्याचा आहे, आमच्याकडे तो मतदानाच्या दोन दिवस आधी आला आणि देणाऱ्याने नाव सांगितले नाही. कागद कोणी, केव्हा, इतके दिवस ठेवून दिला हे वाचकाला कळले, की निम्मे वजन तिथेच कळते. एका रात्रीत तपासून होण्यासारखा नसेल तर तो थांबतो. मग मतदानानंतर त्याचा पाठपुरावा करायचा. हा शेवटचा भाग आमच्याकडून बहुतेक वेळा राहून जातो. निकालाच्या दिवशी गुलाल उधळला जातो, नवी बॉडी बसते, पाकीट टेबलाच्या खणात जाते, आणि ज्याच्या सातबाऱ्यावर तो बोजा आहे तो माणूस पुढच्या हंगामात कर्ज मागायला गेल्यावर परत सोसायटीच्या दारात उभा असतो.